डॉक्टर, तेवढं ओआरएस लिहून द्या

पावसाळा सुरू झाला की आमच्या टीमच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. पहिला शनिवारी संध्याकाळी, धबधब्याखाली उभं राहून काढलेल्या फोटोंचा. दुसरा सोमवारी सकाळी: "पोट बिघडलंय, आज येत नाही." मग सुट्टीवाल्याला फोन करावा तर ठरलेलं उत्तर मिळतं. "अरे काल रात्री त्या हॉटेलात पनीर खाल्लं ना, तेच बाधलं." आणि औषध? "मेडिकलवाल्याकडून ती नेहमीची गोळी आणली. दोन घेतल्या की बंद होतं."

या उत्तरात तीन गोष्टी चुकलेल्या आहेत असं माझं मत आहे आणि आजचा लेख त्यावरच आहे. (आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पण मला पगार मिळतो तो बग शोधायचा, आणि हा बग तर फारच जुना आहे.)

पहिली चूक, गुन्हेगार. प्रॉडक्शन कोसळलं की सगळे आधी शेवटच्या कमिटकडे बघतात. ज्या बिचाऱ्याने शेवटचा कोड टाकला त्याच्या नावाने शंख सुरू होतो, आणि दोन तासांनी कळतं की बग तीन आठवड्यांपूर्वीचा होता. पोटाचंही अगदी तसंच आहे. आपण शेवटच्या जेवणाला धरतो. प्रत्यक्षात प्रत्येक जंतूचं आपलं एक वेळापत्रक असतं.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू हातावरच्या जखमेतून, नाकातून अन्नात जातो, तिथे वाढतो आणि विष तयार करून ठेवतो. खाल्ल्यावर अर्ध्या ते आठ तासांत उलट्या सुरू. अन्न पुन्हा गरम केलं तर जंतू मरतात, पण विष तसंच राहतं. दुसरा बॅसिलस सेरियस, हा भाताचा शौकीन. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही पुरून उरतात. रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला की ते जागे होतात, आणि सकाळी तुम्ही त्याला कितीही खमंग फोडणी दिलीत तरी तयार झालेलं विष जात नाही. (फोडणीच्या भाताबद्दल माझी काही तक्रार नाही. भात रात्री लवकर फ्रीजमध्ये टाका, एवढंच.) लग्नाकार्यात मोठ्या पातेल्यात केलेली आणि सावकाश निवत गेलेली रस्साभाजी ही क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सची आवडती जागा. त्याला ६ ते २४ तास लागतात.

आता हे बघा. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास. प्रवाशांच्या जुलाबांमागे बरेचदा असणारा ई. कोलायचा प्रकार, त्याला एक ते तीन दिवस. कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत काहीही. आणि हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी ती कावीळ, तिला तर १५ ते ५० दिवस! म्हणजे सोमवारी बिघडलेल्या पोटाचं कारण रविवारचं पनीर असेलही, किंवा शनिवारच्या धबधब्याजवळची चटणी असेल, किंवा गुरुवारचं कँटीनमधलं पाणी असेल. किंवा खाण्याचा संबंधच नसेल आणि घरातल्या आजारी पोराकडून आलेला नोरोव्हायरस असेल. त्याचे अगदी मोजके कण पुरतात, आणि आपण करोनापासून खिशात बाळगतो त्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. त्याला साबण आणि वाहतं पाणीच हवं.

"मग गुन्हेगार कोण याने काय फरक पडतो?" पडतो ना. सिंहगड रोडच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही जण दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत सापडला तो कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी, वर ज्याचं नाव घेतलं तोच. पोट बिघडतं, बरं होतं, माणूस विसरून जातो, आणि त्या जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती एक-दोन आठवड्यांनी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. हे अगदी क्वचित होतं, पण होतं. त्यामुळे 'काय खाल्लं होतं' याचं उत्तर आठवडाभर मागे जाऊन शोधायची सवय असलेली बरी. आणि हॉटेलवाल्यावर राग काढण्याआधी घरातला फिल्टर आणि सोसायटीची टाकी शेवटची कधी साफ केली तेही बघावं.

दुसरी चूक, गोळी. ती 'नेहमीची' गोळी बहुतेक वेळा दोन औषधांची असते: ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल. पहिलं बॅक्टेरियांसाठी, दुसरं अमीबा, जिआर्डिया वगैरे मंडळींसाठी. म्हणजे कोणता एक्सेप्शन आला आहे ते न बघता सगळं एकाच कॅच ब्लॉकमध्ये गुंडाळायचं. कोड रिव्ह्यूमध्ये असं काही दिसलं तर आपण लिहिणाऱ्याला सोडणार नाही, पण स्वतःच्या पोटात मात्र खुशाल टाकतो.

नोरोव्हायरस, रोटाव्हायरस हे विषाणू आहेत, त्यांना अँटिबायोटिकने काही होत नाही. स्टॅफच्या बाबतीत विष आधीच पोटात गेलेलं असतं, मारायला कुणी उरलेलंच नसतं. आणि पाण्यासारखे साधे जुलाब बहुतेक धडधाकट माणसांचे दोन-चार दिवसांत आपोआप थांबतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि तिसऱ्या दिवशी थांबले, की श्रेय गोळीला. सर्व्हर रिस्टार्ट केला आणि चालू झाला, म्हणजे बग सुटला असं नव्हे हे आपल्याला ऑफिसात कळतं, घरी कळत नाही.

अँटिबायोटिक कधीच लागत नाही असं अजिबात म्हणत नाही मी. रक्त-आव पडत असेल आणि ताप असेल तर शिगेला असू शकतो. जोराचा कॉलरा आहे, टायफॉईड आहे, अशा वेळी लागतंच. पण कोणतं आणि किती दिवस हे डॉक्टरने ठरवायचं, काऊंटरपलीकडच्या पोऱ्याने नाही. उगाच घेतल्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. ऑफ्लॉक्सासिन ज्या गटातलं आहे त्या गटाची औषधं एके काळी टायफॉईडवर हुकमी होती. आज भारतातल्या टायफॉईडच्या बहुतेक जंतूंवर ती नीट चालत नाहीत. जुलाब एकदम बंद करणाऱ्या लोपेरामाइडचंही तेच. मोठ्या माणसाला प्रवासात, साध्या जुलाबांना ठीक. रक्त किंवा ताप असेल तर नको, आणि लहान मुलांना तर नाहीच नाही.

आता तिसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. आपल्या मित्राच्या त्या उत्तरात पाण्याचा उल्लेखच नव्हता.

जुलाबांत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा जंतूंमुळे थेट नव्हे, तर अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. जोराच्या कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू काढून टाकले तरी ते ज्या द्रवात वाढले तो द्रव आतड्याला पाणी सोडायला लावतो. म्हणजे करामत विषाची. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी प्रागमधल्या एका परिषदेत मांडलं की आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात ते सोडियमला जोडीला घेऊन. सोडियम आत गेलं की पाणी त्याच्या मागोमाग. कॉलऱ्याचं विष बाकी बरीच मोडतोड करतं, पण हे दार उघडंच राहतं. नुसतं पाणी दिलं तर ते वाहून जातं, मिठाबरोबर ग्लुकोज दिलं तर आत ओढलं जातं. सगळं ओआरएस या एका दारावर उभं आहे. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर दाखवून दिलं की असं पाणी प्यायला दिलं तर सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी होते.

पण खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धाच्या काळात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. सलाईन संपत आलं, ते लावायला माणसं नाहीत, रुग्ण जमिनीवर पडलेले. त्यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या. हे प्रमाण एका लिटरचं, खर्च ११ पैसे. पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. त्याआधी कॉलऱ्याच्या जवळपास ३० टक्के रुग्ण मरत होते. त्या छावणीत ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्यातल्या किती जणांनी त्यांचं नाव ऐकलं होतं, विचारा स्वतःलाच.

यानंतरची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती डिप्लॉयमेंटची आहे. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघर बायका पाठवून एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांतल्या आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचं मिश्रण शिकवलं. शिकवणाऱ्या बाईला पैसे किती घरं केली यावर नव्हते. नंतर दुसरी माणसं काही निवडक घरांत जाऊन त्या आईला किती आठवतंय ते तपासत, आणि त्यावर पैसे ठरत. (आपल्या अप्रेझलवाल्यांनी हे वाचावं.) तरीही सुरुवातीला एक अडचण आली. आयांना कृती पाठ होती, पण पोराला जुलाब झाले की वापरत कमी. शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. आधी त्यांना पटवावं लागलं. आज तिथे ओआरएसला 'खाबार सॅलाइन' म्हणतात, म्हणजे तोंडाने घ्यायचं सलाईन. आपल्याकडे नाव आहे जलसंजीवनी. सरकारी पोस्टरवर उत्तम दिसतं, पण कुणी मेडिकलमध्ये जाऊन "एक जलसंजीवनी द्या" म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि मग आपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांना ओआरएस मिळालं होतं. म्हणजे दहातल्या चौघांना नाहीच. जगात अजूनही दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे चार लाख चाळीस हजार मुलं जुलाबांनी जातात.

का नाही मिळत? मला वाटायचं पुडी पोचत नसेल, किंवा महागडी औषधं विकण्यात जास्त फायदा असेल. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात यावर एक अभ्यास आला. कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावांत-शहरांत, खासगी डॉक्टर आणि औषधवाले मिळून दोन हजारांहून जास्त जणांकडे संशोधकांनी आपली माणसं पाठवली. "घरी दोन वर्षांच्या पोराला जुलाब होतायत" एवढं सांगायचं. काहींनी काहीच मागितलं नाही, काहींनी ओआरएस हवं असं सुचवलं, काहींनी अँटिबायोटिक. निष्कर्ष वाचून मी थक्क झालो. ओआरएस न देण्यामागे साठा नसणं किंवा फायद्याचं गणित यांचा वाटा अगदी थोडा, पाच-सहा टक्क्यांच्या घरात प्रत्येकी. सगळ्यात मोठं कारण, ४२ टक्के, हे की देणाऱ्याला वाटतं 'यांना ओआरएस नको असतं'. आणि ज्यांनी ते मागितलं त्यांच्या बाबतीत देण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी (परसेंटेज पॉईंट बरं का) वाढलं.

म्हणजे ही चक्क रिक्वायरमेंटची गडबड आहे! क्लायंटला काय हवंय हे क्लायंटला न विचारता गृहीत धरलं, आणि क्लायंटही काही बोलला नाही. ओआरएस औषधच नाही असं आपल्याला वाटतं. कारण उघड आहे: ते प्यायल्यावर जुलाब थांबत नाहीत. थांबवणं हे त्याचं कामच नाही. जंतू जाईपर्यंत तुम्हाला उभं ठेवणं हे त्याचं काम. पण दोनशे-पाचशे रुपये फी देऊन चार रंगांच्या गोळ्या मिळाल्या नाहीत तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. "नुसतं पाणी प्यायला सांगितलं हो" अशी तक्रार करणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. डॉक्टरही शेवटी माणूस आहे, पुढच्या वेळी तो गोळ्या लिहितो.

यात भर त्या खोक्यांची. कित्येक वर्षं मेडिकलमध्ये 'ओआरएस' हे शब्द नावात मिरवणारी फळांच्या चवीची गोड पेयं मिळत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष आठ-एक वर्षं त्याविरुद्ध भांडत राहिल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. मुद्दा साखरेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. साध्या कोलात लिटरला शंभर ग्रॅमच्या वर साखर असते. एवढी साखर आतड्यात गेली की पाणी आत येण्याऐवजी उलट बाहेर ओढलं जातं. जुलाबांत कोला किंवा गोड ज्यूस पाजणं म्हणजे आगीवर रॉकेल.

तर माझं म्हणणं इतकंच आहे. पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेलात, विशेषतः पोराला घेऊन, तर तोंड उघडून मागा. "डॉक्टर, ओआरएस लिहून द्या. अँटिबायोटिक खरंच लागणार आहे का?" लहान मुलासाठी झिंकही विचारा. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, ही शिफारस २००४ पासूनची आहे, आणि वरच्याच सर्वेक्षणात ते मिळालेली मुलं होती जेमतेम ३० टक्के.

घरी दोन-तीन पुड्या आणून ठेवा, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय ना ते बघून. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच विरघळवायची, चव आवडत नाही म्हणून अर्धी पुडी आणि अंदाजे तांब्याभर पाणी असं नाही. २४ तासांत संपवायचं. मोठ्यांनी प्रत्येक जुलाबानंतर एक-दोन ग्लास. मूल दोन वर्षांखालचं असेल तर दर वेळी ५० ते १०० मिली, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, हळूहळू. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. जेवण तोडू नका, अंगावरचं दूध तर मुळीच नाही.

आणि रक्त पडलं, ताप चढला, पाणी पोटात ठरेना, लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, मूल गळून गेलं, किंवा तीन दिवस झाले तरी थांबेना, तर सरळ डॉक्टर गाठा. पोट बरं झाल्यावर हातपाय मुंग्या येऊन लुळे पडल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात.

असो. बराच लांबला आजचा लेख. सुट्टीवर असलेल्या मित्राला फोन कराल तेव्हा "काय खाल्लं होतंस?" याच्याआधी "लघवी होतेय का नीट?" एवढं विचारा. थोडं विचित्र वाटेल, पण प्रश्न बरोबर आहे.